एक जून आणि सव्वा महिना

आमच्या घरात नवराबायकोचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, १ जूनला. कागदावर. माझ्या पासपोर्टवर १ जून १९६१, यांच्या पासपोर्टवर १ जून १९५९. महाराष्ट्रात साठीच्या पुढच्या कुणालाही याचं नवल वाटायचं नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराचं नाव घालायला आलेल्या आईला तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी वय बसेल अशा बेतानं १ जून टाकून मोकळे. माझ्या सासूबाईंना एवढंच ठाऊक, की हे बेंदराच्या आदल्या दिवशी झाले आणि कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तिसरीत होते. भूकंप डिसेंबर १९६७ चा, म्हणजे साल तरी बरोबर असावं. मी पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत जनरल रजिस्टरमध्ये किती पोरांच्या नावापुढं स्वतःच्या हातानं १ जून लिहिली, त्याची गणती नाही. मी निवृत्त झाले तीही ३१ मेलाच. त्या दिवशी आमच्या तालुक्यात एवढे सत्कार होते, की फेटे बांधणारा मिळेना.

हे सगळं उगाळायचं कारण अमेरिकेचा व्हिसा. आम्ही दोनदा अर्ज केला. पहिल्यांदा नापास झालो, दुसऱ्यांदा पास. गावात मात्र एवढंच सांगितलं जातं की ‘बाईंचा व्हिसा झाला’. मधलं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

मुलगी न्यू जर्सीत. २०१९ च्या पावसाळ्यात तिचा फोन आला की एप्रिलची तारीख दिलीय. पहिलटकरीण, तिकडं घरात माणूस नाही. मी नुकतीच निवृत्त झाले होते, पेन्शन सुरू व्हायची होती. जायचं हे ठरलेलंच, प्रश्न फक्त कसं याचा. तालुक्याच्या गावात व्हिसाची कामं करणारा एक एजंट होता. त्यानं आमचे दोन फॉर्म भरले, जमिनीचे सातबारा आणि आठ-अ काढायला लावले, सीएकडून मालमत्तेचं मूल्यांकन करून घेतलं आणि सगळ्याची एक जाडजूड फाईल केली. मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाला, “बाई, बाळंतपणाचं नाव काढायचं नाही. फिरायला चाललोय म्हणायचं. नायगारा, वॉशिंग्टन. वीस दिवस. मी तसंच लिहिलंय.”

जोडीला त्यानं प्रश्नोत्तरांचा एक कागद दिला. मी आयुष्यभर पोरांना ‘गाईडमधलं पाठ करू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा’ म्हणून सांगितलं, आणि आता आम्ही दोघं रात्री जेवणं झाल्यावर गाईड पाठ करत बसलो. मी प्रश्न विचारायची, हे उत्तर द्यायचे. नायगारा हा शब्द यांच्या तोंडात काही केल्या बसेना. कधी नागरा, कधी नगारा.

नोव्हेंबरात मुंबईला गेलो. वकिलात पूर्वी ब्रीच कँडीला समुद्राकडेच्या बंगल्यात होती, २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आली आहे. मुलाखत म्हणजे बँकेतल्यासारखी खिडकी. मध्ये काच, बोलायला माईक, पलीकडं अधिकारी. मराठीत बोलायचं असलं तर दुभाषी मिळतो, ही गोष्ट चांगली. माझ्याकडं बघून अधिकाऱ्यानं दोन साधे प्रश्न विचारले, मी पाठ केलेलं म्हटलं. मग तो यांच्याकडं वळला. किती दिवस राहणार?

आता यांचा स्वभाव असा, की कुणी डोळ्यात बघून सरळ विचारलं तर यांना खोटं बोलता येत नाही. हे क्षणभर थांबले आणि म्हणाले, “सव्वा महिना तरी लागंलच की.”

सव्वा महिना. बाळंतीण सव्वा महिना खोलीतून बाहेर पडत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुभाष्यानं त्याचे इंग्रजीत दिवस करून सांगितले. अधिकाऱ्यानं समोरच्या पडद्यावर पाहिलं, तिथं वीस दिवस. पुढचा प्रश्न आला, मुलीकडं काही कार्यक्रम आहे का? मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी हे ‘हो’ म्हणाले.

पासपोर्ट काचेखालून परत आले, सोबत एक छापील कागद. पासपोर्ट हातात परत पडला की समजायचं. ज्यांना व्हिसा मिळतो त्यांचा पासपोर्ट ते ठेवून घेतात.

त्या कागदावर २१४(ब) असं कलम लिहिलेलं होतं. घरी येऊन मी तो शब्दकोश घेऊन वाचला. त्या कायद्याचा भावार्थ असा, की खिडकीशी येणारा माणूस कायमचा राहायलाच आलाय असं आधी धरायचं. तो परत जाणार आहे हे त्यानं अधिकाऱ्याला पटवून द्यायचं. म्हणजे सगळ्या वर्गाला आधी नापास धरायचं आणि मग पेपर तपासायचे. आम्हाला नेमकं कशामुळं नाकारलं ते काही त्यात नव्हतं, सगळ्यांना तोच कागद देतात. पण मला कारण कळलं होतं. राग त्या अधिकाऱ्याचा आला नाही. समोरची दोन माणसं एकाच प्रश्नाला हो आणि नाही म्हणत असतील तर मीही त्यांना वर्गाबाहेर उभं केलं असतं. राग आला तो स्वतःचा. लेकीच्या बाळंतपणाला आई जाते, यात लपवायचं काय होतं?

माणशी १६० डॉलर फी होती, ती परत मिळत नाही. परतीच्या गाडीत हे कराडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझ्यामुळं गेलं.” मी म्हटलं, “तुम्ही खरं बोलला, मी खोटं बोलले. मग तुमच्यामुळं कसं?”

पुन्हा अर्ज करायला बंदी नसते. जानेवारीत करू म्हणता म्हणता मार्च उजाडला, आणि २०२० चा मार्च कसा होता ते सांगायला नको. बाहेरून येणारी-जाणारी विमानं बंद, वकिलातीतली नेहमीची कामं बंद. नात एप्रिलमध्ये झाली, आम्ही तिला फोनच्या पडद्यावर पाहिलं. व्हिसा मिळाला असता तरी जाता आलं नसतं, असं सगळे समजूत काढायला म्हणायचे. खरंही होतं. मी आधीच डिंक, खारीक, अळीव आणून ठेवलं होतं. लाडू केले, कुरिअरही बंद होतं, ते यांनी खाल्ले. बाळंतिणीचे लाडू खाऊन ऊस-कामगारासारखे टणटणीत झाले होते त्या उन्हाळ्यात.

नंतर वकिलात सुरू झाली, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांची रांग एवढी लांबली होती की २०२२ च्या शेवटी मुंबईची तारीख दोन-दोन वर्षांपुढची दाखवत होती. आम्ही जुलै २०२३ मध्ये पुन्हा फी भरली. महिनाभर आधी ती १६० ची १८५ डॉलर झाली होती, आमचं नशीब असंच. मिळालेली तारीख दूरची होती. डोंबिवलीचा माझा भाचा रात्री-बेरात्री साईट उघडून बसायचा, कुणी सोडलेली एखादी तारीख दिसते का बघत. त्यानं जानेवारी २०२४ ची एक तारीख टिपली.

या वेळी एजंट नको, फॉर्म मी भरणार, असं मी जाहीर केलं. हे म्हणाले, “भरा बाई.” घरातही हे मला बाईच म्हणतात.

त्या फॉर्मचं नाव डीएस-१६०. प्रत्येकाचा वेगळा भरायचा. मुलगी फोनवर होतीच, पण टंकलं मी. वीस मिनिटं हात लावला नाही तर तो बंद पडतो. सुरुवातीला मिळालेला क्रमांक वहीत उतरवून घेतलेला असला तरच परत उघडतो. माझा दोनदा पडला, एकदा दूध उतू गेलं म्हणून आणि एकदा शेजारीण हळदीकुंकवाला बोलवायला आली म्हणून.

नावावरच माझे दोन तास गेले. पासपोर्टमध्ये माझ्या नावाच्या रकान्यात माझं आणि यांचं नाव एकत्र आहे, ते तसंच लिहायचं, आपल्या मनानं तोडायचं नाही. मग प्रश्न येतो, आणखी कुठलं नाव वापरलंय का? माझ्या लग्नात ताम्हणातल्या तांदळावर अंगठीनं यांनी माझं नवीन नाव लिहिलं होतं. म्हणजे माहेरचं नाव वेगळं, बापाचं नाव वेगळं, आडनाव वेगळं. डी.एड.च्या प्रमाणपत्रावर एक बाई आणि पेन्शनच्या पुस्तकावर दुसरी, मध्ये शासनाच्या राजपत्रातली दोन ओळींची जाहिरात. पहिल्या वेळी एजंटानं तिथं ‘नाही’ टाकलं होतं. मी ‘हो’ टाकलं आणि माहेरचं अख्खं नाव लिहिलं. बेचाळीस वर्षांनी ते कुठंतरी पूर्ण टंकलं, तेही अमेरिकन सरकारसाठी.

एक रकाना असा, की तिथं आपलं नाव आपल्या लिपीत लिहायचं. सगळ्या इंग्रजी फॉर्ममध्ये तेवढी एकच जागा देवनागरीची. मी तिथं सुवाच्य अक्षरात लिहावं तसं सावकाश टंकलं.

यांच्या फॉर्ममध्ये व्यवसाय विचारला. यादी वर्णानुक्रमानं आहे, तीत शेती पहिलीच. हे खूश. “बघा, डॉक्टर-इंजिनिअर खाली आणि आपण वर.” यांच्या आईंच्या जन्मतारखेला ‘माहीत नाही’ असा चौकोन होता, तो बिनदिक्कत टिचकावला. आमच्या गुरुजींना हा चौकोन मिळाला असता तर! पुढं सुरक्षेचे प्रश्न. तुम्हाला बंदुका, स्फोटकं, अणुशक्ती यांचं काही खास शिक्षण आहे का? अतिरेक्यांना मदत करणार आहात का? वेश्याव्यवसायासाठी येताय का? मी एकेक वाचून मराठीत सांगत होते आणि हे गंभीरपणे “न्हाई” म्हणत होते. स्फोटकाला मात्र थोडे अडले. “विहीर पाडली तेव्हा सुरुंग लावले होते, ते धरायचं का?” मुलगी तिकडून ओरडली, “पप्पा, नाही!”

आणि मग तो प्रश्न. पूर्वी व्हिसा नाकारला गेलाय का? हो. कारण लिहा. मी लिहिलं की नोव्हेंबर २०१९ मध्ये २१४(ब) खाली नाकारला. प्रवासाचं कारण : मुलगी, जावई आणि नातीला भेटायला. मुक्काम : साठ दिवस. खर्च आम्ही आणि मुलगी मिळून. बस्स. एवढं लिहायला मला पाच मिनिटं लागली आणि चार वर्षं.

फोटोवरून वेगळं नाटक. दोन इंच बाय दोन इंच, पांढरी भिंत, चष्मा काढून. आणि टोपीही काढून. यांच्या डोक्यावरची गांधी टोपी मी लग्नापासून फक्त झोपताना आणि अंघोळीला उतरलेली बघितलीय. स्टुडिओवाल्यानं टोपी काढायला लावली आणि कपाळावर सरळ रेघ दिसली. खाली उन्हानं करपलेला तपकिरी भाग, वर दोन बोटं गोरापान. फोटोग्राफर म्हणाला, “काका, हे एकसारखं करून देतो कॉम्प्युटरवर.” मी म्हटलं, अजिबात हात लावायचा नाही. फोटोत फेरफार चालत नाहीत. तो दुरंगी फोटोच अर्जाला लागला आणि मला विचाराल तर यांचा तो सगळ्यात खरा फोटो आहे.

मुंबईत दोन दिवशी दोन हेलपाटे असतात. पहिल्या दिवशी दुसऱ्या एका केंद्रात फोटो आणि बोटांचे ठसे. डाव्या हाताची चार बोटं काचेवर, मग उजव्याची चार, मग दोन्ही अंगठे. माझं पटकन झालं. यांची बोटं मशीन घेईना. चाळीस वर्षं खुरपं, फावडं आणि उसाची पात, रेषा राहिल्यात कुठं? रेशनच्या मशीनवरही हीच रड. तिथली मुलगी समंजस होती. तिनं ओला कागद दिला, हात पुसायला लावले, पुन्हा ठेवा काका, थोडं दाबा काका, एवढं नको काका. चौथ्या वेळेला हिरवा दिवा लागला. हे बाहेर येऊन म्हणाले, “अंगठाबहाद्दर असतो तर आज घरीच पाठवलं असतं.”

दुसऱ्या दिवशी मुलाखत. डोंबिवलीहून कुर्ल्याला लोकलनं, तिथून रिक्षा. आत फोन नेता येत नाही, म्हणून ते भाच्याकडं देऊन टाकले. बाहेर माणसं रांगेत उभी, प्रत्येकाच्या काखेत प्लॅस्टिकची फाईल. आमचीही होती, जुनीच, नवे उतारे घालून. उघडावी लागत नाही हे मला माहीत झालं होतं, तरी रिकाम्या हातानं जायला मन होईना. तपासणीला टोपी काढायला लावली, झटकून परत दिली.

आत गेल्यावर आधी कागद बघतात, पुन्हा बोटं काचेवर. मग खिडकीच्या रांगेत. पुढच्यांचं बोलणं ऐकू येतं, ते ऐकू नये असं वाटत असूनही कान तिकडंच. आमच्या पुढं एक तरुण होता, भराभर इंग्रजी बोलत होता. त्याचे पासपोर्ट काचेखालून परत आले. मला घाम फुटला. हे शांत होते, कारण यांनी या वेळी काहीच पाठ केलं नव्हतं.

पलीकडं तरुण अधिकारी बाई, शेजारी दुभाषी, तीही बाईच. कुठं चाललात, कुणाकडं? मी सांगितलं. मुलगी तिथं काय करते, कधीपासून? सांगितलं. पूर्वी आला होतात, तेव्हा काय झालं? मी म्हटलं, “मुलीच्या बाळंतपणाला जायचं होतं. आम्ही फिरायला चाललोय म्हणून सांगितलं. चूक झाली. आता नात पावणेचार वर्षांची आहे, तिला बघायला चाललोय.” दुभाषीनं इंग्रजीत सांगितलं. अधिकारी बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळेना, बोटं टकाटक चालू.

मग त्यांनी मान वर केली आणि हसत काहीतरी विचारलं. दुभाषी म्हणाली, “तुमच्या दोघांची जन्मतारीख एकच कशी, असं त्या विचारतायत.”

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. खरंच बोलायचं ठरवून आलेली मी, आणि खरं बोलावं तर दोन्ही तारखा खोट्या! घशाला कोरड पडली. मी म्हटलं, “शाळेच्या दाखल्यावर तीच आहे. आमच्या वेळी गुरुजी तीच लिहायचे. मी स्वतः शिक्षिका होते, मीही लिहायची.”

दुभाषी खुदकन हसली. मी बोलले चार वाक्यं, ती इंग्रजीत बरीच जास्त बोलली, हातवारे करून. काय सांगितलं देव जाणे. मधेच ‘माय फादर’ एवढे दोन शब्द मला कळले. अधिकारी बाईही हसल्या.

नंतर यांची पाळी. काय करता? “शेती.” काय पिकवता? “ऊस.” किती? “साडेतीन एकर.” दोन महिने कोण बघणार?

आणि इथं यांची गाडी सुटली. हे म्हणाले, भाऊ बघतोय, पण मार्चअखेर ऊस कारखान्याला गेल्याशिवाय मी हलणार नाही, मग खोडव्याला एक पाळी पाणी देऊनच निघणार, आणि जुलैत आडसाली लावण आहे, तिच्या आत यायलाच लागतंय, भावाला बेणं निवडता येत नाही, मागच्या खेपेला त्यानं डोळे मेलेलं बेणं आणलं. दुभाषी ‘आडसाली’वर अडली. तिनं विचारलं, म्हणजे काय? हे तिला समजावायला लागले, जुलै-ऑगस्टात लावायचा आणि दीड वर्षानं तोडायचा. मी खालून यांचा सदरा ओढत होते. अधिकारी बाईंनी हात वर करून थांबवलं.

पासपोर्ट ठेवून घेतले.

बाहेर रस्त्यावर भाचा उभा होता. यांनी त्याला सांगितलेलं पहिलं वाक्य, “ऊस किती तेवढं विचारलं.”

काही दिवसांनी पासपोर्ट आणले. बी-१, बी-२, म्हणजे तात्पुरतं भेटायला-फिरायला जाणाऱ्यांचा व्हिसा, अनेक वेळा प्रवेश, दहा वर्षांची मुदत. दर खेपेला किती राहायचं ते तिकडं विमानतळावर ठरवतात, व्हिसावर लिहिलेलं नसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहता येतं असं आमच्या गल्लीत दोघांना तरी वाटत होतं. मी पेपर तपासावेत तशी दोन्ही पानं तपासली. नाव बरोबर, यांच्या कपाळावरची रेघ बरोबर, तारीख १ जून.

एप्रिलला गेलो, जूनच्या शेवटी आलो, आडसाली वेळेत लागली. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आल्यापासून गावात माझ्याकडं फॉर्म भरून घ्यायला माणसं येतात. एजंटाचा धंदा मी बसवला असं हे म्हणतात, पण मी पैसे घेत नाही, त्यामुळं धंदा कुणाचाच झालेला नाही. गेल्या आठवड्यात आमच्याच शाळेतला, मी दुसरी-तिसरीला शिकवलेला एक विद्यार्थी आला, आईवडिलांना घेऊन. धाकटा भाऊ ऑस्टिनला असतो. मी ओसरीवर टेबल मांडलं, चष्मा लावला, वडिलांचं नाव विचारून टंकलं आणि जन्मतारखेच्या रकान्याशी थांबले.

म्हातारा म्हणाला, “घाला बाई, एक जून.”